एसीचं पाणी आणि बाजारातली सावली

नगराध्यक्षांनी आमचा रिपोर्ट मिटला, त्यावर आपला चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "छान आहे. आता यातलं मी नक्की काय करायचं?"

ह्यूस्टनमधलं आमचं ऑफिस. सप्टेंबर महिना. कॉन्फरन्स रूममध्ये एसी इतका गार, की पाहुण्यांनी आत आल्याआल्या कोट चढवले होते. टेबलाच्या एका बाजूला मी आणि माझा बॉस ग्रेग. समोर एका अरब शहराचे नगराध्यक्ष युसूफसाहेब आणि त्यांच्या नगरपालिकेतल्या इंजिनियर हुदा. शहराचं नाव सांगत नाही, करारात तशी अट आहे. समुद्रकाठचं, फार मोठं नसलेलं, जुना बाजार असलेलं शहर, एवढं पुरे.

आमची कंपनी शहरांचे प्लॅन करते. मी तिच्यात पाण्याची इंजिनियर. हे काम होतं 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'चं. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. शहरानं आज अशा रीतीनं वाढायचं, की पुढच्यांनाही पाणी, सावली आणि श्वास घेण्याजोगी हवा उरेल. आमच्या टीमनं त्यासाठी जाडजूड रिपोर्ट केला होता. त्यात सोलर प्लांट होता, नव्या बसेस होत्या, समुद्राचं पाणी गोडं करणारा आणखी एक कारखाना होता. मुखपृष्ठावर सूर्यास्त होता.

ग्रेग म्हणाला, "सर, सगळंच करता येईल. टप्प्याटप्प्यानं."

"मिस्टर ग्रेग, वीज मंत्रालयाची आहे. पाणी राजधानीतल्या कंपनीचं. बसेस वाहतूक खात्याच्या. या प्रत्येक पानासाठी मला राजधानीत जाऊन कुणाच्या तरी दारात बसावं लागेल." युसूफसाहेब शांतपणे बोलत होते, पण प्रत्येक वाक्याला रिपोर्टवर बोट आपटत होते.

"मग नगरपालिकेच्या हातात काय आहे?" मी विचारलं.

"रस्ते. बागा. कचरा. बाजार. आणि तक्रारी. तक्रारी मात्र पूर्णपणे आमच्या."

हुदानं हसू दाबलं. तिशीतली मुलगी, डोक्याला फिकट निळा स्कार्फ, समोर लॅपटॉप. तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. जुन्या बाजाराचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे फरश्या, आणि भर दुपारी माणूस नाही.

"हा आमचा प्रश्न," ती म्हणाली. "उन्हाळ्यात या रस्त्यावरून चालता येत नाही. लोक मॉलमध्ये जातात. आता राजधानीचा प्रस्ताव आलाय, की हा बाजार बंद करून हायवेजवळ एसी कॉम्प्लेक्स बांधायचं. पुढच्या वर्षी निर्णय आहे. बाजार चालता ठेवून दाखवला नाही, तर गेलाच."

युसूफसाहेबांनी चष्मा परत घातला. "माझे आजोबा त्याच रस्त्यावर मासळी विकायचे. मला सोलर प्लांट नको असं नाही. पण मला आधी हा रस्ता हवाय. आठवडाभर आम्ही इथे आहोत. काही सुचलं तर सांगा. नाही सुचलं तर पुढच्या टप्प्याचा करार करण्यात अर्थ नाही."

मीटिंग संपली. लिफ्टपाशी ग्रेग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शुभांगी, शनिवारी त्यांना कुठेतरी जेवायला ने. हॅपी पीपल डोन्ट कॅन्सल."

कुठेतरी म्हणजे मी घरीच बोलावलं. आम्ही शुगर लँडला राहतो, ह्यूस्टनपासून ट्रॅफिकप्रमाणे लांब किंवा जवळ. नवरा अविनाश तेल कंपनीत आहे. मुलगी सानिका कॉलेजातून वीकेंडला आलेली. हलाल मटण कुठून आणायचं या विचारात वेळ न घालवता मी सरळ शाकाहारी बेत केला. भरली वांगी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड.

श्रीखंडाचा पहिला चमचा घेऊन युसूफसाहेब थांबले. दुसरा घेतला. मग हुदाकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाले.

"ते विचारतायत, हे लबने आहे का?" हुदा म्हणाली. लबने म्हणजे दही बांधून केलेला चक्का, त्यांच्याकडे सकाळी ऑलिव्ह तेल घालून खातात.

"लबनेच आहे. आम्ही साखर आणि केशर घालतो."

"साखर!" युसूफसाहेबांनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं आम्ही लबने खातोय आणि कुणालाही हे सुचलं नाही." त्यांनी वाटी पुढे केली. ऑफिसात बोट आपटणारा माणूस हाच, यावर विश्वास बसेना.

जेवण झाल्यावर ते पाय मोकळे करायला मागच्या अंगणात गेले. मी चहा टाकला होता. खिडकीतून पाहिलं, तर नगराध्यक्ष आमच्या कढीपत्त्यापाशी उकिडवे बसलेले.

आमचं घर जुनं आहे. एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीतून मागच्या बाजूला बाहेर येतो. अविनाशनं त्याला रबरी नळी जोडून कढीपत्त्याच्या आळ्यात सोडली आहे. शुगर लँडचा उन्हाळा असा दमट, की नळी दिवसभर गळत असते. कढीपत्ता छपरापर्यंत गेलाय. ओळखीतले सगळे मराठी लोक येऊन फांद्या नेतात.

"हे पाणी कुठून येतं?" युसूफसाहेबांनी विचारलं.

"एसीतून," अविनाश म्हणाला.

"बाबा, प्लीज, इट्स जस्ट एसी वॉटर," सानिका आतून ओरडली. बाप पाहुण्यांना नळी दाखवतोय याची तिला लाज वाटत होती.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि जे रोज बघते ते पहिल्यांदा नीट बघितलं. गार पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, की बाहेरून थेंब जमतात. हवेतली वाफ गार काचेला लागून पाणी होते. एसीच्या आतल्या गार नळ्यांवर तेच होतं. त्याला आम्ही 'कंडेन्सेट' म्हणतो. हवा जितकी दमट, तितकं पाणी जास्त. आणि युसूफसाहेबांचं शहर समुद्रकाठचं होतं.

"हुदा, बाजारातल्या दुकानांच्या एसींचं पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

ती हसली. "लोकांच्या डोक्यावर. सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच. वर एसी लावतात, खाली टपटप गळतं, फरश्या शेवाळतात, माणसं घसरतात. दुकानदार एकमेकांशी भांडतात, की हा थेंब तुझा का माझा."

मी ट्रे खाली ठेवला. "आणि ते पाणी कुणाच्या अखत्यारीत येतं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. अरबीत झपाझप बोलणं झालं. मग युसूफसाहेब उभे राहिले, गुडघे झटकले. "समुद्राचं पाणी मंत्रालयाचं. जमिनीतलं पाणी मंत्रालयाचं. नळाचं पाणी कंपनीचं. हवेतल्या पाण्याबद्दल कुठल्याही कायद्यात काही लिहिलेलं मला आठवत नाही."

"रस्ता तुमचा?"

"रस्ता माझा."

"झाडं?"

"नगरपालिकेची नर्सरी आहे. पुरुषभर उंचीची झाडं तिथे पडून आहेत. लावायला पाणी मिळत नाही म्हणून." ते आता जोरात बोलायला लागले होते. "इंजिनियर शुबांजी, चहा आत घेऊ. मला कागद द्या."

अरबी लिपीत 'ग' नाही, त्यांनी माझं नाव 'ज'नं लिहून घेतलं, त्यामुळे त्यांच्यासाठी मी कायमची शुबांजी झाले.

सोमवारी सकाळी ग्रेगला सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटले.

"म्हणजे आपण त्यांना बादल्या ठेवायला सांगणार आहोत?"

"पाइप. बादल्या नाहीत."

"शुभांगी, आपण शहरांचे प्लॅन करतो. प्लंबिंग करत नाही."

"त्यांनी आपल्या प्लॅनमधलं एकही पान परत उघडलं नाही ग्रेग. या एका कागदावर मात्र त्यांनी स्वतः चित्र काढलंय." मी कागद पुढे केला. त्यावर दुकान, एसी, पाइप, झाड आणि झाडाखाली दोन माणसं होती. माणसांचे पाय दुकानापेक्षा लांब होते.

ग्रेगनं कागद बराच वेळ बघितला. तो टेक्सासच्या एका लहान गावातला आहे. अशा गावांत मेयर काय करू शकतो आणि काय नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे. शेवटी म्हणाला, "ओके. पण मला शास्त्रशुद्ध हवं. कुणी ते पाणी प्यायलं आणि आजारी पडलं, तर मी तुझ्या कढीपत्त्याला कोर्टात उभं करीन."

त्याचं म्हणणं योग्य होतं. या पाण्यात क्षार नसतात, तिथल्या खारट जमिनीला ते उत्तमच. पण पाइपात शेवाळ धरतं, जंतू वाढू शकतात. त्यामुळे नियम ठरवले. प्यायचं नाही. साठवायचं ते बंद टाकीत. हवेत उडवायचं नाही. मातीखालून, थेट मुळांशी द्यायचं.

"कारंजं?" युसूफसाहेबांनी आशेनं विचारलं.

"नाही. तुषार नाकात जातात."

"एक छोटं कारंजं?"

"छोटंसुद्धा नाही."

"उद्घाटनापुरतं?"

"सर," हुदा म्हणाली, "त्या नाही म्हणतायत."

उरलेला आठवडा आम्ही तिघं त्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. प्रत्येक गोष्ट आली, की युसूफसाहेब विचारायचे, यासाठी राजधानीत जावं लागेल का? जावं लागत असेल तर ती बाजूला. रस्त्याची फरशी उचलून झाडांसाठी आळी करणं त्यांच्या हातात होतं. झाडं वाढेपर्यंत रस्त्यावर कापडी छतं ताणणंही. दुकानदारांना पाइप जोडायला लावणं हातात होतं, निदान कागदावर.

झाडं कोणती, यावर माझी करमणूक झाली. हुदानं दोन फोटो दाखवले. एक सिद्र, म्हणजे आपल्या बोरीची सख्खी बहीण. दुसरं घाफ. मी म्हटलं, "अहो, ही तर शमी!" माझं बालपण अकोल्यात गेलं, दसऱ्याला शमी पाहिलेली. वाळवंटातलं त्यांचं मानाचं झाड आणि आमचं दसऱ्याचं झाड एकच निघालं.

थंडीत लागवड सुरू झाली. मी तिथे गेले नाही. सगळं काम शुगर लँडच्या माझ्या स्वयंपाकघरातून, सकाळी चहा पिता पिता, व्हिडिओ कॉलवर. तिथे तेव्हा दुपार असायची. हुदा हेल्मेट घालून बाजारात उभी राहायची आणि फोन फिरवून दाखवायची.

पहिला अडथळा तिच्याच घरातला निघाला. बाजाराच्या मधोमध तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांना सगळे अबू सालेम म्हणतात, म्हणजे सालेमचे वडील. "सालेम माझा थोरला भाऊ," हुदानं सांगितलं. "तो दुबईला असतो. रोज दुकानात डबा घेऊन मी येते, पण नाव सालेमचं."

अबू सालेमना झाड नको होतं. त्यांनी फोन हातात घेतला आणि थेट मलाच सुनावलं. हुदा बाजूला उभी राहून भाषांतर करत होती.

"ते म्हणतायत, माझी पाटी झाकली जाईल."

"त्यांना सांग, झाड पाटीच्या बाजूला लावू."

"ते म्हणतायत, पक्षी येतील. कापडावर घाण करतील."

"कापड आत ठेवता येईल."

पलीकडून बराच वेळ आवाज आला. हुदा लालबुंद झाली.

"काय म्हणाले?"

"ते म्हणाले, अमेरिकेतल्या बाईला सांग, मी चाळीस वर्षं कापड बाहेर लावतोय. आणि हेही म्हणाले, की ज्या मुलीला स्वतःच्या घरातली कुंडी जगवता येत नाही, ती बाजार कसा जगवणार."

मी हसले. मग ती हसली. अबू सालेमनी फोनमध्ये डोकावून आम्हाला हसताना पाहिलं आणि त्यांचा राग अर्ध्यावर आला. तडजोड अशी ठरली, की त्यांच्या दुकानासमोर झाड लावायचं नाही, पण एसीचं पाणी ते शेजारच्या झाडाला देतील. पाणी द्यायला त्यांची ना नव्हती. उलट खालची फरशी कोरडी राहणार म्हणून ते खूशच होते.

मे महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. दुकानांच्या भिंतींवरून पांढरे पाइप खाली उतरले होते. मध्ये लहान टाक्या, तिथून मातीखालच्या नळ्या. झाडांना नवी पालवी आली होती. वर अबू सालेमच्या दुकानातलंच जाड कापड ताणलं होतं. त्या विक्रीमुळे म्हाताऱ्याचा विरोध आणखी थोडा निवळला, असं हुदाचं मत. युसूफसाहेब मला रोज फोटो पाठवायचे, बहुतेक स्वतःचे, झाडाशेजारी.

मग जूनमध्ये वारं सुटलं.

त्या भागात उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळवंटाकडून वारा येतो. गरम, धुळीचा, आणि ठणठणीत कोरडा. हवाच कोरडी म्हटल्यावर एसीच्या नळ्यांवर जमणार काय? पाणी आटलं. आधी कमी झालं, मग थांबलं. टाक्या दोन-तीन दिवसांत रिकाम्या झाल्या. झाडाला तहान सर्वांत जास्त आणि नळी कोरडी.

हुदाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पानं वळायला लागलीत. लोक थांबून बघतायत. बाबा काही बोलत नाहीत. त्यांनी काही बोलायला हवं होतं."

"टँकर?"

"टँकर पाण्याच्या कंपनीचा. अर्ज करावा लागतो. आणि राजधानीतून माणसं पुढच्या आठवड्यात बाजार बघायला येतायत. टँकर उभा दिसला, तर म्हणतील, बघा, नाहीच जमत."

मी गणितं पुन्हा केली. वार्षिक सरासरीनं पाणी पुरत होतं. पण झाड काही सरासरीनं पाणी पीत नाही, ते रोज पितं. आमच्या अकोल्यात मे महिन्यात हवा अशीच असते. त्या हवेत कूलर चालतो, पण एसीच्या खाली बादली ठेवली तर रात्रभरात तळही ओला होत नाही. मला रोज, वारा असो वा नसो, नेमानं वाहणारं पाणी हवं होतं.

"हुदा, तुझ्या मागे तो कसला आवाज येतोय?"

"अजान. कोपऱ्यावर मशीद आहे. दुपारची नमाज."

नमाजेआधी हातपाय-तोंड धुतात, त्याला वुजू म्हणतात. बाजारातली मशीद, दिवसातून पाच वेळा, दुकानदार आणि गिऱ्हाइकं. ते पाणी जवळपास स्वच्छच असतं आणि सरळ गटारात जातं.

"ते पाणी," मी म्हटलं.

"ते पाणी," हुदा म्हणाली. आणि लगेच, "पण मशिदी धार्मिक खात्याच्या. राजधानी."

युसूफसाहेबांना कॉलमध्ये घेतलं. त्यांनी ऐकलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "मशिदीच्या आत एक खिळा ठोकायचा, तरी मला परवानगी लागते."

"आत नको," हुदा म्हणाली. ती चालत होती, स्क्रीन हलत होती. मशिदीच्या दारापाशी आली आणि तिनं फोन खाली केला. फुटपाथवर लोखंडी झाकण होतं. "वुजूच्या पाण्याचं चेंबर. सर, हे दाराच्या बाहेर आहे."

"किती बाहेर?"

"पूर्णपणे. नगरपालिकेच्या फरशीत."

युसूफसाहेब मोठ्यानं हसले. "दारातून बाहेर पडलं म्हणजे रस्त्यावर आलं. रस्त्यावर आलं म्हणजे माझं. तरी इमामसाहेबांना विचारून ये. हक्क असला, तरी शेजाऱ्याला विचारावं."

इमामसाहेब पांढऱ्या दाढीचे, ठेंगणे गृहस्थ होते. हुदानं फोन त्यांच्याकडे धरला. मी त्यांना समजावून सांगायला लागले, क्षार, जंतू, गाळणी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते म्हणतायत, इतकी वर्षं हे पाणी गटारात जाताना बघून त्यांना वाईट वाटायचं. झाडांना जाणार असेल, तर विचारायला उशीर का केलात?"

"एक अडचण आहे. साबणाचं पाणी नको."

"ते म्हणतायत, साबणासाठी बाजूचा एक नळ वेगळा ठेवू. आणि शुक्रवारी सगळ्यांना तसं सांगू. त्यांनी सांगितलेलं लोक ऐकतात, नगरपालिकेचं ऐकत नाहीत." शेवटचं वाक्य हुदानं जरा हळू भाषांतरित केलं.

दोन दिवसांत चेंबरमधून पाइप निघाला. वाळू आणि खडीची साधी गाळणी, एक लहान पंप, पुढे तीच मातीखालची व्यवस्था. दूर खुर्चीत बसून बघणं मला कठीण जात होतं. सकाळी उठल्याउठल्या मी फोन बघायचे. अविनाश म्हणाला, "अगं, सानिकाच्या वेळी तू इतकी काळजी केली नव्हतीस."

राजधानीची माणसं आली, तेव्हा वारा चालूच होता. पानं अजून थोडी वळलेलीच होती, पण आळी ओली होती. हुदानं नंतर सांगितलं, की अधिकारी रस्त्यावरून चालत असताना वाटेत अबू सालेम उभे राहिले. तिला वाटलं, आता हे पाटीचं काढणार.

अबू सालेम अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे पाइप माझ्या मुलीनं टाकलेत." मग शेजारच्या दुकानापुढच्या सिद्राकडे बोट दाखवून म्हणाले, "या झाडाला पाणी माझ्या एसीचं आहे. सावली मात्र याच्या दुकानावर पडणार. हा अन्याय आहे. माझ्यासमोरही एक लावायला सांगा."

त्यातलं 'माझ्या मुलीनं' हुदानं मला दोनदा सांगितलं.

ऑगस्टमध्ये दमट हवा आली आणि एसी पुन्हा धो धो गळायला लागले. आता पाणी जास्त झालं. ते नर्सरीकडे वळवलं. झाडांनी त्या एका उन्हाळ्यात काही घनदाट छाया केली नाही, झाडं तशी करतही नाहीत. पण वर कापड, खाली हिरवं आणि कोरडी फरशी, यामुळे संध्याकाळी लोक परत येऊ लागले. चहावाल्यानं बाहेर स्टुलं टाकली. कुणीतरी फळांचा रस सुरू केला. शेजारच्या दोन गल्ल्यांचे दुकानदार नगरपालिकेत गेले आणि आमच्याकडे पाइप का नाहीत म्हणून तक्रार केली. त्या तक्रारीचा फोटो युसूफसाहेबांनी मला आनंदानं पाठवला.

एसी कॉम्प्लेक्सचा प्रस्ताव रद्द झाला नाही. असे प्रस्ताव रद्द होत नसतात. तो 'अधिक अभ्यासासाठी' पुढे ढकलला गेला आणि बाजार जागेवर राहिला. आमचा पुढच्या टप्प्याचा करार झाला. नवा रिपोर्ट पातळ आहे. ग्रेग आता इतर क्लायंटना स्वतःहून एसीच्या पाण्याचं सांगतो आणि मध्ये मध्ये "आम्ही ह्यूस्टनचे, आम्हाला दमटपणा कळतो" असंही घालतो.

काही महिन्यांनी युसूफसाहेबांचा फोन आला. मंत्रालयानं देशभरातल्या नगरपालिकांना एक परिपत्रक पाठवलं होतं. एसीचं आणि वुजूचं पाणी बाजारातल्या झाडांना देण्याची राष्ट्रीय योजना. संकल्पना मंत्रालयाची. हुदाचं नाव नाही, शहराचं नाव नाही, आमच्या कंपनीचं तर नाहीच.

ग्रेग शेजारी होता, तो चिडला. "हे चालणार नाही. आपण त्यांना पत्र लिहू."

"कृपा करून काही लिहू नका," युसूफसाहेब फोनवरून म्हणाले. त्यांचा आवाज लग्नघरातल्या यजमानासारखा खूश होता. "उरलेल्या गल्ल्यांसाठी मला मशिदीच्या आत काम करावं लागणार आहे. काल मी धार्मिक खात्यात गेलो आणि म्हटलं, मंत्रालयाची राष्ट्रीय योजना आहे, तुम्ही अडवणार का? त्यांनी मला खुर्ची दिली. कॉफी दिली. परवानगी तिथल्या तिथे दिली."

"आणि हुदा?" मी विचारलं.

"तिला मी त्या योजनेची शहरप्रमुख केलंय. ते माझ्या हातात आहे."

तेव्हापासून मी कुठल्याही शहराच्या लोकांबरोबर काम सुरू करताना पाण्याचं, मातीचं, झाडांचं सगळं बोलून झालं, की एक गोष्ट आवर्जून सांगते. हे यशस्वी झालं तर श्रेय कुणाला द्यायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा. शक्यतो परवानग्या देणाऱ्यालाच द्या.